कुकर पक्षाची शपथ

शालन, पाटीवर तुझं नाव नव्हतं.

मी दोनदा त्या हॉलवरून पुढे गेले. हातात पांढरी शेवंती, अंगावर उसना काळा कोट. दारात उभ्या केलेल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत कुणा कादोता घराण्याचं नाव. मला वाटलं तुझ्या मीनलनं पत्ता चुकीचा सांगितला. पोर फोनवर धड बोलू शकत नव्हती, चुकली असेल. स्टेशनपर्यंत मागे गेले, नकाशा पाहिला, परत आले. शेवटी आत शिरून टेबलाशी बसलेल्या मुलीला विचारलं, "कदम-सान?" तिनं वही वरपासून खालपर्यंत पाहिली आणि वाकून सांगितलं की या नावाचं इथे कुणी नाही. तेवढ्यात आतला फोटो दिसला.

आंबा रंगाची साडी. आपल्या पोस्टरवरचा फोटो. मूळ फोटोत तुझ्या शेजारी मी होते. मला कापून काढलं होतं, पण एका कडेला माझ्या निळ्या स्वेटरचा खांदा राहिला होता. कादोता म्हणजे तूच. कदमची कादोता झालीस, कागदोपत्री जपानी झालीस, आणि मला ते तुझ्या मयताला आल्यावर कळलं.

काल तुझा तेरावा झाला. तेरा दिवस मी तुझ्याशी भांडतेय, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, ट्रेनमध्ये उभी असताना. सुधीर म्हणाला, "नीला, लिहून काढ एकदाचं." म्हणून बसलेय. गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात. मी लावणार आहे. जिवंतपणी तू कुणाचं ऐकून घेतलं नाहीस, आता ऐक.

आपली ओळख कचऱ्यावर झाली. मला जपानात, ग्योतोकूत येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. माझी कचऱ्याची पिशवी तिथेच ठेवून गाडी निघून गेली होती, पिशवीवर लाल चिठ्ठी चिकटवलेली, आणि मी त्या पिशवीपुढे उभी राहून रडत होते. मागून आवाज आला, "रडतेस काय गं? कचराच आहे, कुणी मेलं नाही." मराठी ऐकून मी आणखी जोरात रडले. तू भर रस्त्यात उकिडवी बसलीस आणि माझा कचरा निवडायला घेतलास. कांद्याची सालं एकीकडे, डबे एकीकडे, बाटल्या वेगळ्या. मग म्हणालीस, "आता चहा पाज."

माझी आई चिंचवडला वारली तेव्हा मला तिकीट मिळालं नाही. दहा दिवस तू डबा आणलास. डब्यांच्या कारखान्यातली तुझी अर्धवेळ नोकरी, सकाळी सहाला उभं राहायचं, तिथे दिवसभर लोकांचे डबे भरायचे आणि परत येऊन माझा भरायचा. एकदाही सांत्वनाचं बोलली नाहीस. शेजारी बसून टीव्ही लावायचीस आणि त्यातल्या बायकांच्या केसांना नावं ठेवायचीस. मी हसायचे. हसल्यावर जेवायचे. हे मी विसरलेली नाही, आणि म्हणूनच राग जास्त आहे.

पक्ष काढला तो सेल्वीच्या कुकरमुळे. तिच्या वरच्या मजल्यावरच्या माणसानं शिट्टीची तक्रार केली आणि घरमालकानं खोली सोडायला सांगितलं. त्याच सुमारास नगरपालिकेनं परदेशी रहिवाशांची सल्लागार सभा काढली होती. मताचा हक्क नाही तर निदान गाऱ्हाणं मांडायला एक खुर्ची. कोरियन, चिनी, फिलिपिनो, ब्राझीलचे लोक, सगळ्यांच्या जागा ठरल्या. आपण मूठभर. भारतीयांना जागा हवी असेल तर वीस घरांच्या सह्या आणि एक संघटना दाखवा, म्हणाले. तू म्हणालीस, "संघटना कसली? पक्षच काढू."

तुझे वडील कऱ्हाडकडच्या पंचायत समितीतले, राजकारणाचं बाळकडू तुला घरातच मिळालेलं. भारतीय रहिवासी पक्ष असं नाव ठरलं, पण सगळे म्हणायचे कुकर पक्ष, कारण निशाणी कुकर. मीनलनं पोस्टरवर काढला, शिट्टीतून वाफ निघतेय असा. पटेलभाई म्हणाले, "शालनबेन, वीस घरांना निशाणी कशाला?" तू म्हणालीस, "निशाणीशिवाय पक्ष म्हणजे कुंकवाशिवाय लग्न." वीस घरांत सात भाषा, मांस खाणारे, लसूणसुद्धा न खाणारे, एकमेकांच्या गावाला नावं ठेवणारे. तू सगळ्यांना एका खोलीत बसवलंस. नगरपालिकेचा तो हॉल दोन तासांसाठी मिळायचा आणि निघताना टेबलं पुसून, चपला ओळीत लावून जायचं असा नियम. इन्कलाबी भाषण ठोकायचीस आणि मग फडकं घेऊन टेबल पुसायला लागायचीस.

आपली मागणी एकच होती. परदेशी माणसाला भाड्याचं घर हवं तर जपानी जामीनदार लागतो, आणि परक्याला जामीन राहणार कोण? मग एजंट हसून सांगतो, मालक परदेशी लोकांना देत नाहीत. आम्हाला सात जणांनी असं हसून सांगितलं होतं. तर जामीनदार म्हणून नगरपालिकेनं स्वतः उभं राहावं, हा तुझा ठराव.

आणि त्या ठरावापायी ती शपथ. तुझ्या डोक्यातून निघालेली, माझ्या नव्हे. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ठराव मंजूर होईपर्यंत आपल्यातल्या कुणीही जपानी नागरिकत्व घ्यायचं नाही. चार जण जपानी झाले की नगरपालिका म्हणेल, बघा, यांच्यापाशी उपाय आहेच. भारतीय म्हणून घर मिळवायचं. हात वर करा." सगळ्यांनी केले. सुधीरनं सगळ्यात शेवटी केला आणि तो पूर्ण वर गेला नव्हता, कानापाशीच थांबला होता. घरी येताना मी त्याला त्यावरून टोमणे मारले.

सुधीरचं गणित सरळ होतं. इथे कायम राहण्याचा परवाना मिळायला दहा-वीस वर्षं, आणि नागरिकत्व मात्र पाच वर्षांत. "उलटी गंगा आहे इथली," तो म्हणायचा, "पण आहे ती अशी आहे." नदीजवळचं एक घर त्यानं पाहून ठेवलं होतं, तिसऱ्या मजल्यावरचं. रोहननं आपली खोली कुठली ते ठरवूनही टाकलं होतं, जपानीतच, आमच्याशी तो बोलतो कुठे मराठीत. बँकेनं सांगितलं, नागरिक व्हा, कर्ज देऊ. सुधीरनं फाइल केली. पुण्याहून भावाकडून जन्माचे दाखले मागवले, एकेकाचं जपानी भाषांतर करून घेतलं. महिनोन्‌महिने ऑफिसात वाय-टू-केचं काम करून घरी यायचा आणि जेवणाच्या टेबलावर ते दाखले लावत बसायचा. एका रविवारी त्यानं माझ्यापुढे पेन ठेवलं. मी त्याला गद्दार म्हटलं.

हो, तोच शब्द. अठरा वर्षांच्या संसारात मी नवऱ्याला कधी इतकं वाईट बोलले नव्हते. त्यानं फाइल उचलून गाद्यांच्या कपाटात ठेवली, खालच्या खणात. पुढच्या महिन्यात ते घर दुसऱ्या कुणी घेतलं. रोहननं दोन दिवस आमच्याशी कुठल्याच भाषेत बोलणं टाकलं.

पण त्याला गद्दार म्हणण्याआधी मी तुझ्याकडे आले होते, शालन. गणपतीचे दिवस होते. तू मोदकांची उकड मळत होतीस, मीनल नारळ खवत होती. मी म्हटलं, "सुधीर फार मागे लागलाय. तू म्हणालीस तर मी सही करते. मला सोडव या शपथेतून." तू हात थांबवला नाहीस. म्हणालीस, "तुला जायचं तर जा बाई. पण एक टाका उसवला की शिवण जाते. मग पक्ष गेला म्हणून समज." मी म्हटलं, "तू माझ्या जागी असतीस तर?" तू वर पाहिलंस आणि म्हणालीस, "मी? मी मेले तरी कदमच राहीन."

मीनल तिथून उठून आत गेली. मला वाटलं, खोबरं संपलं असेल.

तेव्हा तुझा अर्ज जाऊन चार महिने झाले होते. मेमधल्या सुट्ट्यांच्या आधीच दिला होतास, हे मला मीनलनं हॉलच्या मागच्या खोलीत सांगितलं. मी बोटं मोजली. परत मोजली. म्हणजे तू उकड मळत, माझ्या डोळ्यांत बघून, मला ते नदीजवळचं घर सोडायला लावलंस. सहज थोपवता आलं असतं. "नीला, कर सही," एवढे तीन शब्द. कारणसुद्धा द्यायला नको होतं. मी कधी तुझ्याकडे कारण मागितलं होतं का?

आणि त्याहून कहर म्हणजे ते दोन साहेब. ऑक्टोबरात माझ्या दारात आले, काळे सूट, हातात कागद. कुठल्या ऑफिसातून आले ते त्यांनी सांगितलं असणार, पण ते सरकारी जपानी माझ्या डोक्यावरून गेलं. तुझ्या सभेतल्या खुर्चीची मुदत संपून नव्यानं नाव जाणार होतं, म्हणून मला वाटलं नगरपालिका चौकशी करतेय. काय ही शिस्त, मी मनात म्हटलं. त्यांना चहा केला, चिवडा दिला. त्यांनी विचारलं, या बाई कशा आहेत, शेजाऱ्यांशी कशा वागतात, इथे कायम राहतील का. मी काय काय सांगितलं! म्हटलं, कचरा निवडण्यात या बाईंचा हात जपानी माणूसही धरणार नाही. म्हटलं, नात्तो, ते आंबवलेलं सोयाबीन, खातात, मला वास सहन होत नाही पण त्या खातात. म्हटलं, हे शहर सोडून त्या कुठ्ठे जायच्या नाहीत, मी लिहून देते. ते खरंच लिहून घेत होते. गेल्यावर मी ऐटीत तुला फोन केला. तू विचारलंस, "काय काय सांगितलंस?" मी म्हटलं, "सगळं चांगलंच, बाई." तू म्हणालीस, "थँक यू, नीला."

इतक्या वर्षांत तू मला कधी थँक यू म्हटलं नव्हतंस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुझ्या नागरिकत्वाची साक्ष माझ्याच तोंडून, माझ्याच चिवड्यावर झाली!

मग तुझं आजारपण. अल्सर आहे म्हणालीस. मी हॉस्पिटलला यायचे तर तू आधीच फोनवर बजावायचीस, वर येऊ नकोस, खोलीत सगळ्या जपानी म्हाताऱ्या आहेत, त्यांना आवाज चालत नाही, खाली कॅन्टीनमध्ये भेटू. आणि तू यायचीस. सलाइनची काठी ढकलत, लिफ्टनं पाच मजले उतरून, त्या ढगळ गाऊनमध्ये. शेवटी शेवटी तुला खुर्चीत बसवायला मला काखेत हात घालावा लागायचा. मी चिडायचे, "कशाला येतेस एवढी खाली? मी गप्प बसेन ना वर." तू म्हणायचीस, "इथली कॉफी बरी आहे." आणि कॉफीला तोंडही लावायची नाहीस. आता कळतंय. पलंगावर नावाची पट्टी असते. मला जपानी वाचता येतं, तूच शिकवलंस. ती पट्टी मी वाचू नये म्हणून मरायला टेकलेली बाई रोज पाच मजले उतरत होती. याचं मी काय करू, शालन? या गोष्टीवर मला धड रागावताही येत नाही, आणि रागावल्याशिवाय राहवतही नाही.

अंत्यविधीनंतर मीनलनं मला मागच्या खोलीत नेलं. काळ्या फ्रॉकमध्ये ती अगदीच लहान दिसत होती. अर्धं मराठी, अर्धं जपानी. "मावशी, गोमेन नासाई, माफ कर. आईला मागच्या वर्षीच माहीत होतं. अल्सर नव्हता." तुझा नवरा अरविंद जाऊन पाच वर्षं झालेली. तुझ्यामागे मीनलचा व्हिसा टिकेल की नाही याचा भरवसा कुणी द्यायला तयार नव्हतं. पोर इथेच वाढलेली, कऱ्हाडला तिला कुणी ओळखत नाही, तिला कऱ्हाड वाचता येत नाही. वीस पूर्ण व्हायच्या आत आईबरोबर एकाच अर्जात नाव गेलं तर काम सोपं. म्हणून तू अर्ज केलास. जानेवारीत तुम्ही दोघी जपानी झालात, आणि मार्चमध्ये तू संपलीस.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं?" मीनल म्हणाली, "आई म्हणायची, नीलाला कळलं तर ती शपथ मोडेल, आणि ती मोडली तर सगळेच मोडतील. आई म्हणायची, नीला आहे तोवर पक्ष आहे."

हे ऐकून मला बरं वाटावं अशी तिची अपेक्षा होती. बिचारी माझ्याकडे बघत होती. मी तिला जवळ घेतलं, कारण तिचा काय दोष. पण शालन, हा मान नव्हे गं. खुंटा मजबूत आहे म्हणून त्याला दोर बांधायचा आणि आपण निघून जायचं, हा मान नव्हे. मुलीसाठी तू काहीही केलं असतंस तरी मी तुझ्या बाजूनं उभी राहिले असते. साक्षसुद्धा दिली असती, समजून-उमजून. तू मला ती संधीच दिली नाहीस. मला मैत्रीण हवी होती तेव्हा तू मला कार्यकर्ती केलंस.

मीनलनं विचारलं, "आपल्यात आता काय म्हणतात?" हॉलवाल्यांचं सगळं रीतसर झालं होतं, आपलं काहीच नव्हतं. मी, सगळ्या सभांतून भारतीय भारतीय म्हणून घसा बसवणारी, मला एक मंत्र आठवेना. मी म्हटलं, "राम राम म्हण." आम्ही दोघी राम राम म्हणालो. तेवढंच.

परवा रविवारी पक्षाची बैठक होती. तुझ्या जागी कुणाला पाठवायचं ते ठरवायला. आधीच्या आठवड्यात सुधीरनं विचारलं, "सांगणार आहेस का त्यांना?" मी म्हटलं, "सांगितलं तर पक्ष राहणार नाही, आणि नाही सांगितलं तर मी शालनसारखीच."  आठवडाभर मी त्यावर विचार केला. वीस घरं त्या शपथेपायी थांबलेली. कुणाची शाळेची नोकरी अडकलेली, कुणाचं घर. तू मेलीस म्हणून त्यांना बांधून ठेवायचा मला काय हक्क?

मी उभी राहिले आणि सांगितलं. सगळं नाही. अल्सर आणि कॅन्टीन माझ्यापाशी ठेवलं. एवढंच सांगितलं की शालन जानेवारीत जपानी झाली होती आणि आता ज्याला अर्ज करायचा त्यानं करावा, शपथ सुटली.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, धक्का बसला. सेल्वी खाली मान घालून टेबलावर बोट फिरवत होती. मग म्हणाली, "आमचे कागद डिसेंबरात गेले, दीदी." पटेलभाई खाकरले. त्यांचे दोन वर्षांपूर्वीच गेले होते, एकदा नाकारले, पुन्हा दिले. मग एकेक जण. कुणी फॉर्म आणून ठेवलेले, कुणाची मुलाखत झालेली. मी म्हटलं, "हात वर करा, बघू तरी द्या." त्या खोलीत, त्याच टेबलांभोवती, हात वर गेले. या वेळी कुणाचाही अर्धवट नव्हता. मी मोजायचं सोडून दिलं.

एकच हात खाली होता. सुधीर दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होता. ज्याला मी गद्दार म्हटलं तो. आणि तुझ्यासाठी नव्हे हं, शालन. तुझ्या पक्षावर त्याचा कधीच विश्वास नव्हता. बायको शब्दाला जागतेय तर आपणही जागावं, एवढंच त्याचं कारण.

मी खाली बसले आणि हुंदके देऊन रडले, सगळ्यांच्या देखत. सेल्वीनं पाठीवर हात ठेवला तो मी झटकला. थोड्या वेळानं पटेलभाई चाचरत म्हणाले, "नीलाबेन, खुर्चीवर तुम्हीच बसा. अजून वर्षभर खात्रीनं भारतीय राहील असं दुसरं कोण आहे?" कुणीतरी हसलं, मग मलाही हसू आलं, नाकातून पाणी वाहत असताना. वीस सह्या जागच्या जागी झाल्या. सह्या करायला सगळे अजून परदेशीच आहेत. मग आम्ही टेबलं पुसली.

घरी आल्यावर मी गाद्यांच्या कपाटातली फाइल काढून सुधीरपुढे ठेवली. दाखले जुने झालेत, पुन्हा मागवावे लागतील. त्यानं भावाला फॅक्स केला. मी त्याची माफी मागितली, तो म्हणाला, "जेवून घेऊ." माझा अर्ज मी वर्षानं करीन, किंवा नाही करणार, ते आता मी ठरवीन.

आणि आज सकाळी मी नगरपालिकेत गेले होते. जामीनदाराचा ठराव पुढच्या महिन्यात मताला येतोय. तो तू फेब्रुवारीत मांडलास, म्हणजे जपानी झाल्यावर, त्या खुर्चीवर बसायचा हक्क गेल्यावर. तुला हे कळत होतं की नव्हतं देव जाणे. तिथल्या बाईंनी सांगितलं की प्रतिनिधी बदलला तर ठराव नव्यानं भरून द्यावा लागतो, आणि कोरा फॉर्म दिला. मजकूर तुझाच उतरवला, शब्द न्‌ शब्द. खाली रकाना होता, ठराव कुणाचा. त्यात तुझं नाव घातलं असतं तर उद्या कुणीतरी तारखा पाहिल्या असत्या आणि सगळंच ओमफस झालं असतं. त्यात मी माझं नाव लिहिलं. तुझ्या चार वर्षांच्या कामावर माझं नाव. उद्या ठराव झाला तर लोक म्हणतील नीलानं केला, आणि मी त्यांना दुरुस्त करणार नाही.

तुझं काम वाचावं म्हणून लिहिलं की तुला एकदा तरी फोटोतून कापावं म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही.